गाडी तापली? इंजिन खोलण्याआधी टाकी बघा



आज आपण मोटारसायकलबद्दल बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, हा तर घरातल्या पुरुषांचा विषय, आम्हाला कशाला सांगता? पण गाडी बिघडली की पैसे कुठून येतात, ते आठवा. आपल्याच गटाच्या पेटीतून. कर्ज मागणीचा अर्ज आपल्यासमोर येतो, ठरावावर सह्या आपण करतो आणि हप्ता थकला तर बैठकीत मान खाली आपल्याच ताईला घालावी लागते. म्हणजे विषय आपलाच आहे. शिवाय आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात.

म्हसा आणि आसपासच्या पाड्यांवर गाडी ही चैन राहिलेली नाही. शेवटची एसटी गेली की रात्री पोटात दुखणारं पोर, कळा सुरू झालेली सून, साप चावलेला माणूस, सगळे मोटारसायकलवर बसूनच मुरबाडला जातात. भेंडीचे क्रेट जातात, दुधाचे कॅन जातात, एमआयडीसीतल्या पाळीला माणसं जातात. ही गाडी आठ दिवस उभी राहिली तर आठ दिवसांची कमाई उभी राहते.

आठ हजारांचा अर्ज

जत्रा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या जत्रेत सगळ्यांचाच हात सैल होतो, त्यामुळे गटाच्या पेटीत फार पैसे नव्हते. त्या बैठकीत एका ताईंनी आठ हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं, 'गाडीच्या इंजिनचे काम'.

त्यांचे मालक रोज पहाटे भेंडी घेऊन मुरबाडला जातात. महिनाभर गाडी तापत होती. निघताना ठीक, पण सात-आठ किलोमीटर झाले, चढ आला, मागे क्रेट असले की गाडी ओढायची बंद. पायाला इंजिनची धग लागायची, खड्-खड् आवाज यायचा आणि गाडी बंद पडायची. झाडाखाली दहा मिनिटं थांबलं की परत चालू. दोनदा त्यांनी वाटेतल्या ओढ्याचं पाणी इंजिनवर ओतलं होतं. एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकून सांगितलं, बोअर-पिस्टन गेलंय, इंजिन खोलावं लागेल.

आमच्या गटाचा व्याजदर महिना दोन टक्के आहे. आम्ही वहीतच हिशोब केला. आठ हजार, महिना आठशेचे दहा हप्ते, उरलेल्या मुद्दलावर व्याज. एकूण व्याज झालं ८८० रुपये. ताई म्हणाल्या, "काय करणार, गाडी तर लागतेच."

तेवढ्यात गटातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "थांबून परत चालू होते ना? मग आमच्या जुन्या स्टोव्हसारखंच आहे ते. पिन मारून बघितली का कोणी?"

आम्ही सगळ्या हसलो. पण काकूंचं बोलणं डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या ताई, त्यांचे मालक आणि आम्ही दोघी जणी मुरबाडच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी इंजिनला हातही लावला नाही. आधी टाकीचं झाकण उघडलं, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि ताईंना म्हणाले, "या, तुम्हीच बघा." आत टाकीच्या तळाला तांबूस गंज दिसत होता. मग त्यांनी टाकीखालची नळी काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं. धार लागलीच नाही, थेंब थेंब पडत होतं. अर्ध्या तासाने बाटलीच्या तळाला बोटभर पाणी आणि त्यात विटकरी रंगाचा गाळ.

टाकी उतरवून धुणं, कॉकची जाळी, नवा फिल्टर, कार्बोरेटरची सफाई आणि नवा प्लग, असा सगळा खर्च ६५० रुपये आला. आठ हजारांच्या कर्जावर जेवढं व्याज गेलं असतं, त्यापेक्षाही कमी. इंजिन ठणठणीत होतं.

पेट्रोल कमी पडलं तर गाडी गार व्हायला हवी, तापते कशी?

हा प्रश्न आम्हालाही पडला. चुलीत लाकूड कमी घातलं तर जाळ कमी होतो. मग इंजिनात उलटं का?

मिस्त्रीकाकांनी समजावलं ते असं. इंजिनात नुसतं पेट्रोल जळत नाही, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळतं. कार्बोरेटर हे मिश्रण ठरलेल्या प्रमाणात तयार करतो. त्यात जेट नावाचा पितळेचा छोटा भाग असतो, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. अगदी स्टोव्हच्या नोझलसारखं. गंजाचा एक कण जरी तिथे अडकला तरी पेट्रोल कमी येतं आणि हवा मात्र तेवढीच येत राहते. अशा मिश्रणाला पातळ मिश्रण म्हणतात.

पातळ मिश्रणाने गाडी तापण्याची कारणं तीन. पहिलं, इंजिनात शिरणारं पेट्रोल जळण्याआधी वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं. माठातलं पाणी पाझरून गार राहतं, तसंच. पेट्रोल कमी आलं की हा गारवा कमी होतो. दुसरं, पातळ मिश्रण सावकाश जळतं. त्याचा जाळ लांबतो आणि धग धूर बाहेर जायच्या वाटेपर्यंत पोहोचते. चढावर, ओझं असताना ते वेळेआधी भडकूही शकतं. तो धातूवर ठोकल्यासारखा खड्-खड् आवाज त्याचाच. तिसरं, ताकद कमी पडते म्हणून चालवणारा एक्सलेटर पिळतो आणि खालच्या गियरमध्ये गाडी रेटतो. इंजिन जोरात फिरतं, पण गाडी हळू जाते.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या इंजिनला पाण्याने गार करायची सोय नसते. इंजिनच्या अंगावर ज्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामधून वाहणाऱ्या वाऱ्यानेच ते गार होतं. गाडी हळू चालली की वारा कमी. म्हणजे आत धग वाढली आणि बाहेरचा गारवा घटला.

मग दहा मिनिटं थांबल्यावर गाडी परत चालू का होते? कार्बोरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते, त्यात पेट्रोल साठतं. टाकीतून थेंब थेंब येत असलं तरी दहा मिनिटांत वाटी भरते. गाडी चालू होते, वाटी संपते, परत बंद. नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं गाळाने भरलं की तांब्या भरतो पण हंडा भरत नाही, तसं हे आहे. सपाट रस्त्याला तांब्याभर पुरतं. चढावर हंडा लागतो.

टाकीत पाणी आणि गंज येतो कुठून?

या ताईंच्या गाडीची गोष्ट ऐका, म्हणजे कळेल. आषाढ-श्रावणात लावणी, बेणणी, सगळी माणसं शेतात. गाडी पडवीबाहेर प्लास्टिकच्या कागदाखाली उभी होती, टाकी अर्धी रिकामी. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. अर्ध्या टाकीत हवा, हवेत ओलावा. रात्री गारठा पडला की पत्र्याला आतून दव धरतं आणि थेंब होऊन खाली जातं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि तळाचा पत्रा गंजायला लागतो.

दुसरी वाट झाकणाची. टाकीच्या झाकणाभोवती खळगा असतो. त्यात पडलेलं पावसाचं पाणी जायला बहुतेक गाड्यांना बारीक भोक आणि खाली नळी दिलेली असते. ती चिखलाने बुजली की खळग्यात पाणी साचतं आणि झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर आत झिरपतं. गाडी धुताना पाइपची जोराची धार झाकणावर मारली तरी तेच होतं.

तिसरी वाट बाटलीची. पंप लांब म्हणून आपण गावातल्या टपरीवरून बाटलीतलं पेट्रोल घेतो. ती बाटली आधी कशाची होती, धुतल्यावर वाळली होती का, पेट्रोल किती दिवसांचं आहे, काही कळत नाही. असं सुटं पेट्रोल विकणं कायद्याने चालत नाही आणि घरात साठवणं म्हणजे आगीला बोलावणं आहे, ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. ऊस, मका, तांदूळ यांपासून ते बनवतात. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्या देशात २०२३ पासून काही पंपांवर मिळू लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोहोचलं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, पण इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडा ओलावा असेल तर तो पेट्रोलबरोबर जळूनही जातो. पण पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी जाऊन बसतात. म्हणून असं पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवून देऊ नये.

ओळखायचं कसं? स्वस्तापासून सुरुवात

गाडी तापणं म्हणजे अंगात ताप येणं. ताप हा आजार नाही, आजाराची खूण आहे. गाडीला ताप येण्याची कारणं पुष्कळ आहेत, म्हणून लगेच टाकीलाही दोष देऊ नका. फुकटात तपासता येतं ते आधी तपासा.

पहिलं, ऑइल. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. ऑइलची काडी काढून पुसा, परत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी चालवू नका, आधी ऑइल भरा.

दुसरं, चिखल. इंजिनच्या पट्ट्यांमध्ये शेतातला चिखल वाळून बसला असेल तर वारा लागणार कसा? इंजिन पूर्ण गार झाल्यावर लाकडी काडीने आणि ब्रशने साफ करा.

तिसरं, ब्रेक. मधल्या स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. अडत असेल तर ब्रेक आवळलेला आहे, इंजिन उगाच राबतंय.

हे सगळं ठीक असेल तर मग टाकीकडे वळा. पण त्याआधी गाडी चालवणाऱ्याला काही प्रश्न विचारा. उत्तरांतच अर्धं निदान होतं.

गाडी गार असताना नीट चालते आणि चढावर किंवा वेगात गचके खाते का? थांबल्यावर थोड्या वेळाने आपोआप सुरू होते का? रिझर्व्हला लावल्यापासून त्रास वाढला का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. टाकीच्या आत कॉकची मुख्य नळी तळापासून थोडी उंच असते आणि रिझर्व्हचं तोंड अगदी खाली. गाळ आणि पाणीही खालीच. म्हणून कायम रिझर्व्हवर चालणारी गाडी तळाचा गाळच पीत असते. एक्सलेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो का? आणि चोक थोडा ओढल्यावर गाडी जरा बरी चालते का? चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेवढ्याने गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय हे जवळपास नक्की समजा.

आता बघायच्या गोष्टी.

झाकण. गाडी बंद पडली की झाकण उघडून बघा. 'सूं' करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी परत नीट चालली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली येत नाही. हा दोष नुसत्या सफाईने जातो.

धार. इंजिन गार असताना कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढा, तिचं तोंड काचेच्या कोरड्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. सलग धार लागली पाहिजे. धार लागून मग बारीक होत गेली किंवा थेंबच पडले, तर कॉकची जाळी किंवा फिल्टर तुंबलाय.

बाटली. तीच बाटली अर्धा तास न हलवता सावलीत ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. तांबूस कण दिसले तर गंज. पेट्रोल गढूळ दिसलं तरी शंका घ्या. नमुना कॉक रिझर्व्हला ठेवून घ्या, म्हणजे तळाचं पेट्रोल येईल.

प्लग. हे मिस्त्रीकडून करून घ्या, पण बघायला तिथे उभ्या राहा. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन सुखात आहे. खडूसारखं पांढरं असेल तर मिश्रण पातळ आहे, इंजिन तापतंय. काजळीसारखं काळं असेल तर उलट, पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओलं असेल तर ऑइल वर येतंय आणि तेव्हा मात्र पिस्टनकडे बघावं लागेल. आमच्या ताईंच्या गाडीचा प्लग पांढरा निघाला होता.

किक. किक अडकली, पायाने खाली जातच नसेल, तर पिस्टन आत धरलेला असू शकतो. परत परत मारू नका. गाडी ढकलत न्या आणि मिस्त्रीला दाखवा.

हे करू नका

पेट्रोलचं काम उघड्यावर करा, घरात, पडवीत नाही. जवळ चूल, बिडी, उदबत्ती नको. पोरांना लांब ठेवा. इंजिन गरम असताना नळी काढू नका, पेट्रोल सांडून भडका उडेल. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढू नका. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी पडलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. धातू एकदम आकसतो, वाकतो, चिरही पडू शकते. गाडी सावलीत लावा आणि थांबा. त्या मालकांच्या इंजिनला दोनदा पाणी ओतूनही काही झालं नाही, हे त्यांचं नशीब.

बाटलीतलं खराब पेट्रोल ओढ्यात, विहिरीजवळ, शेतात ओतू नका. मिस्त्रीकडे द्या. चुलीत तर कधीच घालू नका.

आणि तापणारी गाडी 'अजून चालतेय' म्हणून रेटू नका. पातळ मिश्रणावर महिनोन्महिने चाललेल्या इंजिनचा व्हॉल्व्ह जळतो, पिस्टन धरतो. मग साडेसहाशेचं काम खरोखरच आठ हजारांवर जातं.

नव्या गाड्यांचं वेगळं

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींना कार्बोरेटर नाही. टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो आणि तो दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. अशा गाडीची नळी घरी काढू नका, पेट्रोल जोरात उडेल. तिथे आपण एवढंच करायचं, झाकण उघडून उजेडात टाकीचा तळ बघायचा आणि काट्याजवळ इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा गाडी चालू असतानाही पेटून राहतो का ते बघायचं. पेटून राहत असेल तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्या आणि सांगा, "टाकी आणि पंपाची जाळी आधी तपासा." या गाड्यांची टाकी कायम रिकामी होत आलेली ठेवू नका. तो पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणूनच गार राहतो.

दुरुस्ती आणि सवयी

दुरुस्तीला गेलात तर एक लक्षात ठेवा. नुसता कार्बोरेटर साफ करून भागत नाही. टाकीत गंज तसाच राहिला तर आठ दिवसांत जेट परत तुंबतो. 'मागच्याच महिन्यात साफ केलं होतं' असं आपण म्हणतो, ते याचमुळे. क्रम वरून खाली असावा. आधी टाकी, मग कॉकची जाळी, मग फिल्टर, शेवटी कार्बोरेटर. गंज थोडा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून टाकी काठोकाठ भरून ठेवायची. पत्रा आतून पापुद्रे सोडत असेल तर टाकी बदलणंच बरं.

पंपावर आपले काही हक्क आहेत, ते फार कमी जणींना माहीत असतात. शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, तो पंपावर ठेवावा लागतो आणि तपासणी फुकट असते. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकायचा. दोन मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला तर पेट्रोल ठीक. काळपट, तेलकट डाग राहिला तर भेसळीची शंका. फिकट गुलाबी छटा राहिली तर घाबरू नका, तो पेट्रोलचा रंग असतो. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापाने मोजून दाखवायला सांगता येतं. पंपावर टँकर रिकामा होत असेल तेव्हा शक्य असल्यास थांबा, खालचा गाळ त्या वेळी ढवळलेला असतो. आणि बिल घ्या. तक्रार करायची वेळ आली तर बिलाशिवाय बोलता येत नाही.

पावसाळ्याआधी, मृगाच्या सुमारास, तीन कामं करा. झाकणाचं रबर बघा, खळग्यातलं भोक बारीक तारेने मोकळं करा, फिल्टर बदला. गाडी महिना-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवेला आणि ओलाव्याला जागाच राहणार नाही. त्याहून जास्त दिवस राहणार असेल तर मिस्त्रीकडून टाकी रिकामी करून वाळवून घ्या. आणि रिझर्व्ह अडचणीसाठी ठेवा, रोजच्या वापरासाठी नाही.

गटाने काय करायचं?

त्या दिवसानंतर आमच्या गटाने एक ठराव केला. गाडीच्या इंजिनसाठी कर्जाचा अर्ज आला की मंजूर करण्याआधी चार गोष्टी विचारायच्या. ऑइल तपासलं का? टाकीचा तळ बघितला का? बाटलीतला नमुना अर्धा तास ठेवला का? दुसऱ्या मिस्त्रीला दाखवलं का? उत्तरं वहीत लिहायची, मगच सह्या.

यात कोणाला अडवायचं नाही, हेही सांगतो. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका ताईंचा असाच अर्ज आला. चारही गोष्टी केल्या. टाकी स्वच्छ, धार सलग, बाटलीत काही नाही. पण ऑइलची काडी कोरडी आणि प्लग तेलकट निघाला. दुसऱ्या मिस्त्रीनेही पिस्टनच सांगितला. त्यांना त्याच बैठकीत कर्ज दिलं, एका जणीनेही खळखळ केली नाही. कारण पैसे कशासाठी जातायत ते सगळ्यांना समजलं होतं.

गाडी दुरुस्त झाल्यावर पहिल्या ताईंनी बैठकीत सांगितलेली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. मिस्त्रीकाका त्यांच्या मालकांशीच बोलत होते, पण बाटलीतलं पाणी आधी दिसलं ते ताईंना. आता दर पंधरा दिवसांनी त्याच झाकण उघडून बघतात. मालक पहाटे निघताना विचारतात, "बघितलंस का गं?"

तुम्हीही आज संध्याकाळी घरच्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडून बघा. जवळ चूल, दिवा नको, बॅटरीचाच उजेड घ्या. तळ चकचकीत दिसतो की तांबूस, झाकणाचं रबर मऊ आहे की चिरलेलं, एवढं बघून पुढच्या बैठकीत सांगा. काय दिसलं ते आम्हालाही कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.